संस्था सात जणांची, मालकी कोणाचीच नाही

जून महिना जवळ आला की मुंबई-पुण्याच्या अनेक गृहसंकुलांत एक ओळखीचे दृश्य दिसते. सोसायटीच्या कार्यालयात वह्यांचे गठ्ठे येऊन पडतात, निवृत्त मंडळी त्यांची मोजदाद करतात आणि रविवारी दोन गाड्या भरून आदिवासी पाड्यावरील शाळेकडे रवाना होतात. पैसे कुणा एकाच्या बचत खात्यात जमा झालेले असतात. हिशेब दुसऱ्याच्या डायरीत असतो. पाच-सहा वर्षे हे सुरळीत चालते. मग कुणी तरी मोठी देणगी देऊ करतो आणि सहज विचारतो, 'पावती मिळेल ना? करसवलतीची?' त्या दिवशी चहाच्या वेळी ठराव होतो की आता रीतसर संस्था काढायची.

या क्षणापर्यंत सारे सोपे असते. पुढेही अर्ज, सह्या आणि प्रमाणपत्र एवढ्यापुरते ते फारसे अवघड नाही. अवघड असते ते निराळेच. ज्या कामाला आजवर 'आमचे काम' म्हटले, ते नोंदणीच्या दिवसापासून कायद्याने आपले राहत नाही, ही गोष्ट सात संस्थापकांपैकी बहुधा कुणीच कुणाला सांगितलेली नसते.

'एनजीओ' हा शब्द सर्वांच्या तोंडी असला तरी त्या नावाची नोंदणी कोणताही कायदा करीत नाही. नोंदणी होते ती संस्थेची, न्यासाची किंवा कंपनीची. 'ना-नफा' या शब्दाचाही अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. ना-नफा संस्थेने शिल्लक ठेवू नये, शुल्क आकारू नये किंवा कर्मचाऱ्यांना पगार देऊ नये असे मुळीच नाही. वर्षअखेर पैसा उरला तर तो उद्दिष्टाकडेच वळवायचा, सदस्यांनी वाटून घ्यायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. नफा होण्याला बंदी नाही. नफ्यावर हक्क सांगण्याला आहे.

म्हणून पहिला प्रश्न नोंदणी कशी करावी हा नसून ती करावी का, हा असायला हवा. वर्षातून एकदा वह्या वाटणाऱ्या गटाने एखाद्या जुन्या, विश्वासार्ह संस्थेशी हातमिळवणी केली, तर पावतीचा प्रश्न सुटतो आणि लेखापरीक्षणाचा व्याप टळतो. सणापुरती किंवा विशिष्ट कामापुरती वर्गणी गोळा करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राच्या कायद्यात कलम ४१-क खाली तात्पुरत्या परवानगीची सोय आहे. अनेक गणेशोत्सव मंडळे हीच वाट चोखाळतात. मात्र काम वर्षभर चालणार असेल, जागा घ्यायची असेल, माणसे नेमायची असतील तर नोंदणीला पर्याय नाही. एका सभासदाच्या वैयक्तिक खात्यातील लाखभर रुपये हे प्राप्तिकर खात्याच्या दृष्टीने त्याचे असतात आणि दुर्दैवाने तो दगावला तर त्याच्या वारसांचे.

तीन वाटा

पहिली वाट न्यासाची, म्हणजे ट्रस्टची. कुणी एक व्यक्ती किंवा कुटुंब काही संपत्ती विशिष्ट कामासाठी बाजूला काढते, न्यासपत्र तयार होते आणि विश्वस्त ते काम पाहतात. दाता एकच आणि त्याची इच्छा स्पष्ट असेल तेथे हे रूप शोभते. दुसरी वाट १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाची. येथे किमान सात सदस्य लागतात, निवडणूक होते, सर्वसाधारण सभा भरते. तिसरी वाट २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ ची (१९५६ च्या जुन्या कायद्यात हेच कलम २५ होते). या कंपनीला लाभांश वाटता येत नाही. देखरेख कंपनी निबंधकांची असते. कारभार अनेक राज्यांत पसरायचा असेल किंवा उद्योगसमूहांशी सतत व्यवहार होणार असेल तर ती सोयीची. पण तिच्या वार्षिक विवरणपत्रांचा खर्च व कटकट चाळीतल्या मंडळाला झेपणारी नव्हे.

महाराष्ट्रातील बहुतेक गट दुसरी वाट धरतात. येथे या राज्याचे वैशिष्ट्य लक्षात घ्यावे लागते. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवली की काम संपत नाही. अशा सार्वजनिक संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंदणी करावी लागते. त्यासाठी तीन महिन्यांची मुदत असते. म्हणजे एकाच संस्थेला दोन क्रमांक मिळतात. पहिला संस्था म्हणून, दुसरा 'एफ' या अक्षराने सुरू होणारा, सार्वजनिक न्यास म्हणून. पूर्वी 'मुंबई' नावाने ओळखला जाणारा हा दुसरा कायदा आता 'महाराष्ट्र' नावाने ओळखला जातो. धर्मादाय आयुक्तांचा अधिकार याच कायद्यातून येतो. पहिले प्रमाणपत्र भिंतीवर लावून दुसऱ्याचा विसर पडलेल्या संस्था कमी नाहीत. बँक किंवा देणगीदार 'एफ' क्रमांक विचारतो तेव्हा त्यांना जाग येते.

कागदपत्रांची यादी मोठी वाटली तरी साधी आहे. विधानपत्र, नियमावली, सात किंवा अधिक सदस्यांच्या सह्या व ओळखीचे पुरावे, कार्यकारी मंडळाची संमतीपत्रे, अर्ज करणाऱ्यास दिलेले अधिकारपत्र आणि कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचे नाहरकत पत्र. नाव निवडताना आधीच्या संस्थेशी साधर्म्य नको आणि सरकारी कार्यालय असल्याचा भासही नको. नावावर महिनाभर वाद घालणारी मंडळी नियमावली मात्र झेरॉक्सच्या दुकानातून तयार मसुदा आणून तासाभरात उरकतात. नेमके येथेच घोडे पेंड खाते.

घटना म्हणजे काय लिहायचे

संस्थेच्या बोलीत विधानपत्र आणि नियमावली यांना मिळून 'घटना' म्हणतात आणि हा शब्द योग्यच आहे. उद्दिष्टांच्या यादीत बालवाडीपासून वृद्धाश्रमापर्यंत आणि गोशाळेपासून संगणक प्रशिक्षणापर्यंत सर्व काही घालण्याची पद्धत पडली आहे. पुढे उपयोगी पडेल, असा त्यामागचा विचार. परंतु ज्या संस्थेचे उद्दिष्ट सर्वच आहे तिला 'हे आपले काम नव्हे' असे कधीच म्हणता येत नाही. उलट फार अरुंद उद्दिष्टही अडचणीचे, कारण ते नंतर बदलणे सोपे नाही. १८६० च्या कायद्यानुसार उद्देश बदलण्यासाठी विशेष सभेत तीन पंचमांश सदस्यांची संमती लागते आणि महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तोच ठराव पुन्हा तितक्याच बहुमताने मंजूर व्हावा लागतो. कायदा करणाऱ्यांनी ही अडचण मुद्दाम ठेवली आहे. ज्यांनी एका कामासाठी पैसे दिले त्यांचे पैसे एका बैठकीच्या उत्साहात दुसरीकडे जाऊ नयेत, हा तिचा हेतू.

उद्दिष्टांपेक्षाही नियमावलीतील चार-पाच कलमे अधिक महत्त्वाची असतात आणि ती बहुधा कुणी वाचत नाही. सदस्य कोण होऊ शकतो आणि त्याला कोण नाकारू शकतो? वर्गणी थकली तर सदस्यत्व आपोआप जाते की नोटीस द्यावी लागते? कार्यकारी मंडळाची मुदत किती? मुदत संपली आणि निवडणूक झाली नाही तर कारभार कोणी पाहायचा? सभेची सूचना किती दिवस आधी, कोणत्या मार्गाने द्यायची आणि गणपूर्ती किती? मैत्री ताजी असताना हे प्रश्न विचारणे अनेकांना प्रशस्त वाटत नाही. 'आपल्यात कसले वाद होणार?' असे म्हणून विषय टाळला जातो. परंतु नियमावली ही मैत्री असताना वाचायची वस्तूच नव्हे. ती लिहिली जाते ती ज्या दिवशी अध्यक्ष आणि चिटणीस एकमेकांशी बोलत नसतील त्या दिवसासाठी.

असे दिवस थोरामोठ्यांच्या संस्थांनाही चुकलेले नाहीत. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी सुरू केले. गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. तेव्हा ती चार-सहा तरुणांनी चालवलेली खासगी शाळा होती. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि शाळा तिच्याकडे गेली. पुढच्याच वर्षी फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले. संस्थापक आता मालक उरले नव्हते; ते सोसायटीचे आजीव सदस्य होते, अल्प वेतनावर वर्षानुवर्षे शिकवण्यास बांधलेले. यानंतर जो वाद पेटला तो आजच्या कोणत्याही संस्थेच्या चिटणिसाला ओळखीचा वाटेल. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे व बाहेरची मिळकत घ्यावी की सारा वेळ संस्थेलाच द्यावा? वेतनात वाढ असावी की नसावी? गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद पत्करले, त्यालाही टिळकांचा आक्षेप होता. सामाजिक सुधारणेवरून आगरकरांशी असलेले मतभेद जोडीला होतेच. अखेर १८९० मध्ये टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. त्यात बरोबर कोण होते, यावर आजही दोन पक्ष पडतील. येथे पाहण्याजोगे एवढेच की लोकमान्यांसारखा संस्थापक बाहेर पडला तरी शाळा व महाविद्यालय चालूच राहिले. आणि बाहेर पडताना टिळकांना शाळेतला स्वतःचा वाटा मागता आला नाही, कारण असा वाटा १८८४ मध्येच संपला होता.

'बदल अर्ज' नावाचा अडथळा

मंडळात नवा सदस्य आला, जुना गेला, कुणाचे निधन झाले, पत्ता बदलला, मिळकत वाढली, तर त्याची नोंद धर्मादाय कार्यालयातील नोंदवहीत व्हावी लागते. ही नोंदवही म्हणजे 'परिशिष्ट एक' आणि त्यासाठी करायचा तो 'बदल अर्ज'. कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो सादर करावयाचा असतो. २०१७ च्या दुरुस्तीने बदल तात्पुरता मान्य करून हरकती मागवण्याची सोय झाली, तरी कुणी हरकत घेतली की प्रकरणाची रीतसर चौकशी होते. पुरावे, उलटतपासणी, तारखा, असे सारे काही.

हा अर्ज वेळेवर न करणे हा महाराष्ट्रातील छोट्या संस्थांचा जुना रोग. निवडणूक होते, पेढे वाटले जातात, नवे मंडळ काम पाहू लागते, अर्ज मात्र राहून जातो. दुसरी निवडणूक होते, तिसरी होते. परिशिष्टावर मात्र पंधरा वर्षांपूर्वीचीच नावे राहतात. त्यांतील दोघे दिवंगत, एक अमेरिकेत मुलाकडे, एक रुसलेला. मग इमारतीच्या दुरुस्तीसाठी परवानगी हवी असते किंवा बँक सह्यांचे अधिकार पडताळू लागते आणि कागदोपत्री संस्थेला कुणी वालीच नाही असे दिसते. नेमक्या अशा वेळी रुसलेला तो एक जण 'मीच वैध विश्वस्त' म्हणून उभा ठाकला तर दोन गट, दोन मंडळे आणि दोन शिक्के तयार होतात. खाते गोठते आणि ग्रंथालयाला किंवा बालवाडीला कुलूप लागते. शहरांतून बंद पडलेल्या वाचनालयांच्या कहाण्या ऐकल्या तर वाचकांच्या अनास्थेइतकाच हा एक कागदही कारणीभूत झालेला आढळतो.

विश्वस्तपद तहहयात असावे का, हाही याच संदर्भातला प्रश्न. संस्थापकाचा जीव कामात गुंतलेला असतो, त्यामुळे तो खुर्ची सोडत नाही आणि चाळिशीतल्या कार्यकर्त्याला साठीपर्यंत 'तरुण सहकारी' म्हणूनच राहावे लागते. राज्य शासनाने २०२५ मध्ये तहहयात विश्वस्तांच्या संख्येला मर्यादा घालणारी दुरुस्ती आणली. मात्र कायद्याची वाट न पाहता घटनेतच मुदत आणि सलग किती वेळा निवडून येता येईल याची मर्यादा लिहिणे शहाणपणाचे.

मिळकतीच्या बाबतीत कायदा अधिकच कडक आहे. संस्थेने स्वतःच्या देणग्यांतून घेतलेली खोलीसुद्धा विकायची झाल्यास कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची असली तरी हीच अट. कर्ज काढण्यासाठीही परवानगी हवी. 'आमचीच जागा, आम्हीच विकत घेतली' हे म्हणणे तेथे चालत नाही. गैरकारभार सिद्ध झाल्यास विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करण्याचा अधिकारही आयुक्तांना आहे. ही जाचक बंधने आहेत, अशी संस्थाचालकांची तक्रार असते आणि परवानग्यांना लागणारा वेळ पाहता ती सर्वस्वी खोटी नाही. तरीही ज्या शहरांत जमिनीच्या चौरस फुटाला सोन्याचा भाव आला आहे तेथे आजोबांच्या पिढीने लोकवर्गणीतून बांधलेली सभागृहे अद्याप सभागृहेच आहेत, याचे थोडे श्रेय या कलमाला द्यावे लागेल.

पावतीचा प्रश्न

ज्या करसवलतीसाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, ती धर्मादाय कार्यालयातून मिळतच नाही. त्यासाठी संस्थेच्या नावे पॅन घेऊन प्राप्तिकर खात्याकडे दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात. १९६१ च्या कायद्यातील कलमांवरून ते आजही '१२ए' आणि '८०जी' म्हणून ओळखले जातात. १ एप्रिल २०२६ या अंमल-तारखेच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात त्यांची कलमे बदलली आहेत. पहिल्या नोंदणीने संस्थेचे स्वतःचे उत्पन्न करमुक्त होते. अट ही की उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च व्हावा. दुसऱ्या नोंदणीने देणगीदाराला सवलत मिळते, साधारणतः देणगीच्या निम्म्या रकमेवर. २०२१ पासून या नोंदण्या कायमस्वरूपी राहिलेल्या नाहीत. नव्या संस्थेला प्रथम तात्पुरती नोंदणी मिळते आणि काम सुरू झाल्यावर नियमित नोंदणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. तीही ठरावीक वर्षांनी नूतनीकरणास येते. तारीख चुकली की सवलत गेली.

देणगीदारानेही काही गोष्टी जाणून घ्याव्यात. दोन हजार रुपयांहून अधिक रोख दिल्यास त्या रकमेवर सवलत नाही. संस्थेने देणगीदारांचे वार्षिक विवरणपत्र खात्याकडे भरले नसेल तर हातातील पावती निरुपयोगी. आणि ज्यांनी कमी दरांची नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्यांना या देणगीची वजावट मुळातच मिळत नाही. नोकरदार मोठ्या संख्येने नव्या प्रणालीकडे वळत असताना केवळ '८०जी आहे' या भरवशावर देणग्या येतील, अशी आशा नव्या संस्थेने धरू नये.

उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीबाबतही अपेक्षा अवास्तव असतात. कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम २०१४-१५ पासून समाजकार्यावर खर्च करावी लागते हे खरे. पण असा निधी स्वीकारणाऱ्या स्वतंत्र संस्थेस साधारणतः तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास लागतो. परदेशी देणगीसाठी २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी हवी. तिलाही तीन वर्षांचे काम आणि त्या काळात मुख्य उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला दिसावा लागतो. २०२० पासून असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच प्रथम जमा व्हावे लागतात आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. न्यू जर्सीतील भाचा दरमहा शंभर डॉलर पाठवीन म्हणतो, म्हणून ते संस्थेच्या साध्या खात्यात घेणे हा गुन्हा ठरू शकतो. त्यातही तो भाचा अद्याप भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या कमाईतून रीतसर बँकेमार्फत पाठवत असेल तर गोष्ट वेगळी. परदेशी नागरिकत्व घेतलेले असेल तर ती परकीय देणगीच.

म्हणजे पहिली तीन वर्षे काढायची ती गल्लीतल्या, नात्यातल्या, ओळखीतल्या माणसांच्या पैशांवर. या माणसांना कायद्याच्या कलमांत रस नसतो. गेल्या वर्षी दिलेल्या पाच हजारांचे काय झाले, एवढेच त्यांना कळायला हवे असते. दरवर्षी ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तो अहवाल देणगीदारांना न मागता पाठवण्याची सक्ती नाही. जी संस्था तो पाठवते, सोबत शाळेच्या मुख्याध्यापकांचे पोचपत्र जोडते आणि वाहतुकीवर किती पैसे गेले हेही लपवत नाही, तिला दुसऱ्या वर्षी दारोदार फिरावे लागत नाही.

आणि वह्या वाटण्याची गरजच उरली नाही तर? पाड्यावरची शाळा शासनाने सुधारली किंवा सातांपैकी पाच जण थकले, तर संस्था बंद करता येते; त्यासाठीही तीन पंचमांश सदस्यांचा ठराव लागतो. देणी फेडल्यावर उरलेली रक्कम, कपाट, संगणक, शिल्लक वह्या यांपैकी काहीही सदस्यांना वाटून घेता येत नाही. १८६० च्या कायद्याचे कलम १४ सांगते की ते दुसऱ्या संस्थेला द्यायचे. कोणत्या प्रकारच्या संस्थेला, हे पहिल्याच दिवशी घटनेत लिहून ठेवता येते.